दुसऱ्याच्या कंठांतलें गाणें

गाण्याचा पहिला धनी कोण, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाहीं. तुकोबांचा एकच अभंग शंभर कीर्तनकार शंभर चालींनीं म्हणतात, आणि त्यांपैकीं एकानें दुसऱ्याचें उचललें असें श्रोत्यांच्या मनांतही येत नाहीं. किर्लोस्करांनीं १८८० सालीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें तेव्हां त्यांतील पदें लोकांच्या ओळखीच्या चालींवर बसविलेलीं होतीं. ओळखीची चाल कानीं पडली म्हणून प्रेक्षक रुष्ट झाले नाहींत, उलट सुखावले. परंतु इंग्रजी गाण्यांचा नाद लागलेला घरांतला एखादा तरुण, 'हें मूळ गाणें नव्हे, कव्हर आहे,' असें जेव्हां सांगतो तेव्हां तो एक निराळाच हिशेब मांडीत असतो. त्याच्याच तोंडचा दुसरा शब्द 'इंडी'. मोठ्या कंपन्यांच्या छत्राबाहेर, स्वतःच्या तुटपुंज्या भांडवलावर काढलेल्या ध्वनिमुद्रिका त्या इंडी, आणि एकानें गाइलेलें गाणें दुसऱ्यानें पुनः गाऊन मुद्रित केलें कीं तें कव्हर, इतका अर्थ येथें पुरे. या दोन शब्दांच्या कुळकथा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. गाणें कोणाचें, त्याचा पैसा कोणाला, आणि विस्मरणांत गेलेल्या गवयाला परत कोण आणतो, हे तिन्ही प्रश्न त्यांत येतात. म्हणून ही कथा केवळ हौशी पोरांची नाहीं.

कव्हर ही कल्पना ध्वनिमुद्रिकेची मुलगी आहे. तबकडी नव्हती तोंवर पश्चिमेकडेही गाणें छापील कागदावर विकलें जाई, व ज्याला स्वर वाचतां येत तो तें आपल्या दिवाणखान्यांत वाजवी. मूळ आवाज म्हणून कांहीं नव्हताच. यंत्र आलें आणि तंटा सुरू झाला. आपोआप वाजणाऱ्या पियानोसाठीं भोंकें पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्या मिळत. त्या म्हणजे गाण्याची प्रत नव्हे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९०८ सालीं दिला, आणि रचनाकार उघडे पडले. लागलीच दुसऱ्या वर्षीं कायदा झाला. रचनाकारानें एकदां कोणालाही आपलें गाणें यंत्रावर घेऊं दिलें कीं पुढें वाटेल त्यानें तें घ्यावें, मात्र दर प्रतीमागें दोन सेंट रचनाकारास द्यावेत, अशी त्यांत तोड काढली होती. हा दोन सेंटांचा भाव १९७७ अखेरपर्यंत तसाच राहिला. आपल्या देशांतही १९५७ च्या कायद्यांत अशीच वाट ठेविलेली होती, आणि १९८० नंतरच्या दशकांत टी-सीरिजच्या कॅसेटींनीं जुनीं चित्रपटगीतें नव्या गळ्यांतून घरोघर पोंचविलीं तीं या वाटेनेंच. पुढें २०१२ सालीं दुरुस्ती होऊन मूळ मुद्रणानंतर पांच वर्षें थांबण्याची अट आली.

या तोडींत एक माणूस कोठेंच नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. तो म्हणजे पहिला गवई. शब्द व स्वर रचणाऱ्याला दोन सेंट. परंतु ज्याच्या कंठानें, ज्याच्या लकबीनें त्या रचनेला प्राण आला, त्याला दुसऱ्यानें तेंच गाणें त्याच थाटांत म्हटलें असतां कांहींही मिळत नाहीं. अमेरिकेंत तर ध्वनिमुद्रणाला संघराज्याच्या कायद्याचें संरक्षणच १५ फेब्रुवारी १९७२ पासून मिळालें.

१९५० नंतरच्या दशकांत याचें फळ दिसलें. कृष्णवर्णीय गवयांच्या तबकड्या त्या काळीं बहुधा लहान लहान कंपन्या काढीत: लॉस एंजेलिसची स्पेशॅल्टी, ह्यूस्टनची पीकॉक, मेम्फिसची सन. लिटल रिचर्डनें सप्टेंबर १९५५ मध्यें न्यू ऑर्लिन्स येथें स्पेशॅल्टीसाठीं 'टुटी फ्रुटी' म्हटलें. त्यांत जो आरडाओरडा, जो बेभान उल्हास आहे, तोच त्या गाण्याचा जीव. १९५६ च्या आरंभीं पॅट बून नांवाच्या सुविद्य, सालस, गौरवर्णीय तरुणानें तेंच गाणें इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखें घडी घालून म्हटलें. आणि सार्वत्रिक खपाच्या यादींत रिचर्ड सतराव्या स्थानापर्यंत चढला असतां बून बाराव्यापर्यंत गेला! बिग मामा थॉर्नटन या धिप्पाड आवाजाच्या बाईनें ऑगस्ट १९५२ मध्यें 'हाउंड डॉग' म्हटलें, व पीकॉकनें तें १९५३ सालीं काढलें. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादींत तें सात आठवडे पहिलें होतें. १९५६ सालीं एल्व्हिस प्रेस्लीनें आर. सी. ए. या बलाढ्य कंपनीसाठीं तेंच गाणें म्हटलें, आणि तें जगभर झालें. थॉर्नटनबाई पुढें सांगत कीं त्या गाण्याचे आपल्याला एकूण पांचशें डॉलर मिळाले.

परंतु येथें लहान कंपनी म्हणजे साधु आणि मोठी म्हणजे चोर, असा सोपा निवाडा करण्यास आम्ही तयार नाहीं. थॉर्नटनबाईंना पांचशें डॉलरांवर वाटेस लावणारी पीकॉक ही लहान कंपनीच होती, आणि तिचा मालक स्वतः कृष्णवर्णीय होता. उलट प्रेस्लीची स्वतःची पहिली तबकडी, जुलै १९५४ ची, सन या लहान कंपनीचीच, आणि तिच्या दोन्ही बाजू कव्हरच. एका बाजूस आर्थर क्रडप या कृष्णवर्णीय गवयाचें १९४६ चें गाणें, दुसऱ्या बाजूस बिल मन्रोचें. त्या विशीच्या आंतील पोरानें क्रडपचें गाणें कोणा व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून निवडलें नव्हतें. मुद्रणाच्या मधल्या फुरसतींत गंमत म्हणून तो तें म्हणूं लागला होता, कारण तें त्याला आवडत असे. क्रडपच्या पदरांत त्यांतून जवळजवळ कांहींच पडलें नाहीं हें खरें; पण प्रेमानें गाणें आणि हिशेबानें गाणें यांत भेद आहे, आणि तो कानाला कळतो.

हा प्रेमाचा पक्ष बलवान् व्हावयास वीस वर्षें लागलीं, आणि त्याला कारण झालीं मँचेस्टरचीं कांहीं पोरें. बझकॉक्स नांवाच्या टोळीनें घरच्यांकडून व मित्रांकडून पांचशें पौंड उसने घेतले, २८ डिसेंबर १९७६ रोजीं चार गाणीं मुद्रित केलीं, आणि पुढच्या जानेवारींत 'स्पायरल स्क्रॅच' या नांवानें त्यांच्या एक हजार प्रती काढल्या. कंपनीचें नांव न्यू हॉर्मोन्स. कंपनी म्हणजे ते स्वतःच. वेष्टनावर त्यांनीं कोणतें गाणें कितव्या प्रयत्नांत साधलें तेंही छापलें. सुताराच्या पोरानें पहिली खुर्ची दाखवितांना खिळे कोठें मारले तें दाखवावें, तसा हा प्रामाणिकपणा! हजार प्रती हां हां म्हणतां संपल्या, व अखेर खप सोळा हजारांच्या घरांत गेला. गाण्यांहूनही त्या वेष्टनाचा परिणाम मोठा झाला असें आमचें मत आहे. ध्वनिमुद्रिका ही एखाद्या कारखान्यांतून अवतरणारी वस्तु नसून, चार माणसांना जमण्याजोगें काम आहे, हें शेंकडों तरुणांना त्या दिवशीं कळलें.

माल निघाला तरी विकणार कोण? येथें दुकानदार पुढें आला. जेफ ट्रॅव्हिस हा तरुण अमेरिकाभर भटकून शेंकडों जुन्या रेकॉर्डी जमवून आला होता. त्यानें १९७६ सालीं लंडनांत रफ ट्रेड नांवाचें दुकान घातलें, आणि १९७८ सालीं त्याच नांवानें स्वतः ध्वनिमुद्रिका काढण्यास आरंभ केला. इतर शहरांतल्या तशाच दुकानदारांशीं संधान बांधून त्यानें लहान कंपन्यांचा माल देशभर पोंचविला. जानेवारी १९८० पासून अशा ध्वनिमुद्रिकांच्या खपाची वेगळी यादीच प्रसिद्ध होऊं लागली. (पुढें १९९१ सालीं रफ ट्रेडची वितरणपेढी कोसळली व कित्येक लहान कंपन्यांचे पैसे बुडाले, हेंही सांगितलें पाहिजे. रसिकता आणि जमाखर्च एका हातीं क्वचित् राहतात.)

या मंडळींचें वैशिष्ट्य असें कीं ते आधीं श्रोते होते, नंतर व्यापारी झाले. त्यामुळें कव्हरची दिशाच उलटली. पूर्वी बलवान् दुर्बळाचें गाणें उचलीत असे. आतां कफल्लक पोरें आपल्या आवडत्या, बाजारानें टाकलेल्या गाण्यांकडे वळलीं. रेनकोट्स या बायकांच्या टोळीनें १९७९ सालीं किंक्सचें प्रसिद्ध 'लोला' मूळ पुरुषाच्या तोंडचे शब्द न बदलतां म्हटलें, आणि जुन्या थट्टेचा अर्थच पालटून टाकला. सॉफ्ट सेल या जोडीनें १९८१ सालीं 'टेंटेड लव्ह' म्हटलें. तें १९६५ सालीं ग्लोरिया जोन्स हिच्या तबकडीच्या मागल्या बाजूस निघून साफ पडलेलें होतें, आणि उत्तर इंग्लंडांतल्या नाचघरांत जुन्या तबकड्यांच्या शौकिनांनीं तें जिवंत ठेविलें होतें. सॉफ्ट सेलचें गाणें इंग्लंडांत पहिलें आलें, पण दोघांच्या हातीं रचनेचा पैसा कांहींच लागला नाहीं, कारण तबकडीच्या दुसऱ्या बाजूसही त्यांनीं दुसऱ्याचेंच गाणें घातलें होतें! प्रेम आंधळें असतें तें असें.

या सर्वांत आम्हांस अधिक हृद्य वाटते ती 'साँग टु द सायरन'ची गोष्ट. टिम बकले हा अमेरिकेंतील अद्भुत आवाजाचा गवई. त्यानें व त्याचा मित्र लॅरी बेकेट यानें १९६७ सालीं हें गाणें रचिलें, आणि मार्च १९६८ मध्यें एका दूरचित्रवाणी कार्यक्रमांत बकलेनें तें एकटा गिटार घेऊन म्हटलें. पण त्याची स्वतःची ध्वनिमुद्रिका 'स्टारसेलर' या संग्रहांत निघाली १९७० सालीं. आणि दैवाचा खेळ असा कीं त्यापूर्वी, १९६९ सालीं, तें गाणें ज्याच्या संग्रहांतून प्रथम बाजारांत आलें तो गवई म्हणजे आपला तोच पॅट बून! बूनच्या तबकडीकडे कोणी पाहिलें नाहीं, आणि 'स्टारसेलर'ही खपली नाहीं. जून १९७५ मध्यें अठ्ठाविसाव्या वर्षीं बकले वारला, आणि गाणें त्याच्याबरोबर गेल्यासारखें झालें.

लंडनांत आयव्हो वॉट्स-रसेल नांवाचा एक गृहस्थ रेकॉर्डींच्या दुकानांत काम करी. १९८० सालीं त्याच्या हातून फोर-ए-डी ही लहान कंपनी निघाली. त्याला हें गाणें फार प्रिय. १९८३ सालीं आपल्याच कंपनीच्या निरनिराळ्या गायकवादकांना एकत्र करून धिस मॉर्टल कॉइल या नांवाखालीं तो कांहीं मुद्रित करीत होता; त्यांत मागल्या बाजूस घालण्यासाठीं म्हणून त्यानें कॉक्टो ट्विन्सपैकीं एलिझाबेथ फ्रेझर हिला हें गाणें म्हणावयास सांगितलें. बेत नुसत्या गळ्याचा होता. पुढें रॉबिन गथ्रीनें गिटारचे मोजके स्वर मागें धरले, ते असे कीं दूर धुक्यांत कोणी घंटा वाजवावी. बाकी साथ जवळजवळ नाहींच. मागल्या बाजूचें गाणें पुढल्या बाजूस आलें. सार्वत्रिक यादींत तें सहासष्टाव्या स्थानावर चढून उतरलें. पण लहान कंपन्यांच्या यादींत एकशेंएक आठवडे, म्हणजे जवळजवळ दोन वर्षें, टिकलें. डेव्हिड लिंच या चित्रपटदिग्दर्शकाला तें 'ब्लू व्हेलव्हेट'साठीं हवें होतें, परंतु हक्काची किंमत परवडली नाहीं. १९९७ च्या 'लॉस्ट हायवे'मध्यें त्यानें तें अखेर घेतलेंच. आज टिम बकलेचे संग्रह मागविणारे कित्येक लोक त्याच्यापाशीं फ्रेझरच्या आवाजाचें बोट धरून गेलेले आहेत. अवघे चार मिनिटांचें हें ऋणशोधन. पण ज्याला ऋण पोंचावयाचें तो आठ वर्षांपूर्वींच गेला होता.

जिवंतपणीं ऋण पोंचविण्याचें एक उदाहरण आहे, तें येथेंच सांगून टाकतों. निर्वाणा ही टोळी कीर्तीच्या शिखरावर असतांना १८ नोव्हेंबर १९९३ रोजीं न्यूयॉर्कमध्यें तिची बैठक मुद्रित झाली. श्रोते प्रसिद्ध गाण्यांची वाट पाहत होते. कर्ट कोबेननें चौदापैकीं सहा गाणीं दुसऱ्यांचीं म्हटलीं: एक स्कॉटलंडच्या व्हॅसलीन्स या फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या जोडीचें, आणि तीन मीट पपेट्सचीं, तींही त्या टोळींतील दोघां भावांना शेजारीं बसवून. पुढल्या एप्रिलांत कोबेननें आत्मघात केला.

आतां ज्या गाण्याच्या भाग्योदयाची कथा जगप्रसिद्ध आहे त्याकडे वळूं. कॅनडाचा कवि-गवई लेनर्ड कोहेन यानें कित्येक वर्षें कडव्यामागून कडवीं लिहून व खोडून 'हालेलुया' सिद्ध केलें. १९८४ सालीं 'व्हेरियस पोझिशन्स' हा त्याचा संग्रह तयार झाला, तेव्हां त्याच्या जुन्या कोलंबिया कंपनीनें अमेरिकेंत तो काढण्याचेंच नाकारलें. पन्नाशीचा माणूस, आणि त्याचें उत्तम काम दारावरून परत! शेवटीं १९८५ सालीं पासपोर्ट नांवाच्या एका लहान कंपनीनें तो अमेरिकेंत आणला, व तो फारसा कोणाच्या कानीं न जातां विरून गेला. १९८८ सालीं बॉब डिलननें आपल्या मैफलींत हें गाणें म्हटलें, म्हणजे जाणत्यांचें लक्ष गेलेलें होतें. लोकांचें गेलें नव्हतें.

पॅरिसमध्यें 'लेझँरॉक्युप्तीब्ल' या नांवाचें संगीतप्रेमी तरुणांचें नियतकालिक निघे. त्याच्या मंडळींनीं १९९१ सालीं कोहेनच्या गाण्यांची कव्हरें निरनिराळ्या गवयांकडून गाववून एक संग्रह केला. कोहेनचा 'मी तुझा पुरुष' अशा अर्थाचा एक संग्रह होता. यांनीं एक अक्षर फिरवून 'मी तुझा चाहता' असें नांव ठेविलें. आमच्या सबंध विषयाला याहून नेमकें नांव सांपडणार नाहीं. त्यांत 'हालेलुया' आलें वेल्समध्यें जन्मलेल्या जॉन केलकडे. त्यानें कोहेनकडे शब्द मागितले; कोहेननें फॅक्सवरून पंधरा पानें धाडलीं. केलनें त्यांतून निवड केली: संग्रहांतलीं पहिलीं दोन कडवीं ठेविलीं, कोहेन पुढें मैफलींत म्हणूं लागला होता तीं तीन घेतलीं, आणि मूळ मुद्रिकेवरचा वाद्यांचा व कोरसचा सगळा डोलारा उतरवून फक्त पियानो घेऊन म्हटलें. कोहेनच्या मूळ मुद्रिकेंत गाणें देवघराच्या उंबऱ्यावर उभें आहे. केलनें तें घरांत, रात्रीच्या वेळीं, जाग्या माणसाजवळ आणून बसविलें. आज जग जें गाणें 'हालेलुया' म्हणून ओळखतें तें बहुतांशीं केलनें जुळविलेलें आहे. कव्हर म्हणजे नक्कल असें मानणाऱ्यांनीं या एका निवडीचा विचार करावा.

त्याच वर्षीं, एप्रिल १९९१ मध्यें, ब्रुकलिनमधील एका चर्चमध्यें टिम बकलेच्या स्मरणार्थ मैफल झाली, आणि तींत त्याचा मुलगा जेफ गायला. बापाचा सहवास त्याला आयुष्यांत मोजक्या दिवसांचा. तो न्यूयॉर्कमध्यें राहूं लागला असतां एका परिचितांच्या घरीं तो फ्रेंच मंडळींचा संग्रह त्याच्या हातीं लागला. त्यानें ऐकलें तें केलचें 'हालेलुया'. शिने या लहानशा कॉफीगृहांत तो तें एकटा गिटारवर म्हणूं लागला, आणि ऑगस्ट १९९४ मध्यें निघालेल्या 'ग्रेस' या त्याच्या संग्रहांत तें आलें. संग्रह काढणारी कंपनी कोलंबिया, म्हणजे दहा वर्षांपूर्वीं कोहेनला परत पाठविणारी तीच. 'ग्रेस'चाही आरंभीं खप बेताचाच होता. २९ मे १९९७ रोजीं मेम्फिस येथें जेफ नदीच्या पाण्यांत बुडून वारला, वय तीस. बापाचें गाणें परक्या मुलीनें वांचविलें, आणि मुलानें परक्या वृद्धाचें. बकलेच्या गाण्याची ख्याति अधिक आहे, व त्यांतली आर्तता खरी आहे. तरी निवड करावयाची झाल्यास आम्ही केलच्या बाजूस राहूं. बकले आपणांस रडवितो. केल स्वतः रडत नाहीं, आणि गाण्याचा उपरोध शाबूत ठेवितो.

हें सर्व होत असतां मूळ रचनाकार होता कोठें? कॅलिफोर्नियांतील माउंट बॉल्डीवरच्या झेन मठांत भिक्षु होऊन स्वयंपाक करीत होता. १९९९ सालीं मठ सोडून तो आला मुंबईस. खेतवाडींत मराठींतून निरूपण करणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचे शिष्य, निवृत्त बँक-अधिकारी रमेश बाळसेकर, यांच्या घरीं सकाळच्या सत्संगाला तो कांहीं महिने नित्य बसत असे. शेजारीं बसलेल्यांपैकीं कितीजणांना हा मितभाषी पाहुणा कोण हें माहीत असेल?

दोन वर्षांनीं 'श्रेक' हा मुलांचा चित्रपट निघाला, व त्यांत केलच्या आवाजांतलें 'हालेलुया' वाजलें. तेथून गाण्याला पंख फुटले. लग्नांत, अंत्यविधींत, शाळांच्या संमेलनांत, गायनस्पर्धांत, जेथें पाहावें तेथें 'हालेलुया'. इतकें कीं २००९ सालीं कोहेननेंच, गाणें चांगलें आहे पण फारच लोक तें म्हणतात, अशी सौम्य तक्रार केली. त्या तक्रारीस कारणही तसेंच घडलें होतें. डिसेंबर २००८ मध्यें इंग्लंडांतील दूरचित्रवाणी-स्पर्धेंत विजयी झालेल्या अलेक्झांड्रा बर्क या तरुणीनें हें गाणें मोठ्या वाद्यमेळासह म्हटलें, आणि नाताळच्या यादींत तें पहिलें आलें. तें ऐकून संतापलेल्या रसिकांनीं हट्टानें जेफ बकलेची मुद्रिका विकत घेतली. ती दुसरी आली. छत्तिसाव्या स्थानावर होती स्वतः लेनर्ड कोहेनची, चोवीस वर्षांपूर्वींची, कोलंबियानें नाकारलेली. त्या आठवड्यांत या तिन्ही मुद्रिका एकाच सोनी घराण्याच्या होत्या.